गगनबावड्याच्या वाटेवरचं ‘कुरेरु’

कोल्हापूरहून गगनबावडा काही लांब नाही. रविवारी लोक सकाळी निघतात, वर जाऊन धुकं बघतात, भजी खातात आणि दुपारच्या जेवणाला घरी परत येतात. मीही अशी कैक वेळा गेलेय. यंदा जानेवारीत मात्र त्याच रस्त्याला मला दोन दिवस लागले, आणि घरी आल्यावर कितीतरी दिवस मी त्याबद्दल कुणाशी बोलले नाही. आता लिहिते आहे ते बोलून झालं नाही म्हणूनच.

मी कोल्हापुरात जपानी शिकवते. राहत्या घरातल्या पुढच्या खोलीत वर्ग भरतो. नर्सिंग केलेल्या मुली येतात, आयटीआय झालेले तरुण येतात, आणि वर्ष-दीड वर्षात एकेक करून जपानला जातात. मी स्वतः जपान पाहिलेलं नाही. पुण्याला जाऊन परीक्षा दिल्या, पुस्तकं घासली, बस्स. ही गोष्ट मी विद्यार्थ्यांना सांगते. पण डिसेंबरात एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून फोन आला तेव्हा सांगितली नाही. “एक जपानी बाई येणार आहेत. दुभाषी पाहिजे,” असं साहेब म्हणाले, आणि मी हो म्हणून बसले.

बाईंचा मुलगा केंजी त्या कारखान्यात मशीन बसवायला आला होता. छत्तीस वर्षांचा, अविवाहित. गेल्या वर्षी संक्रांतीच्या आधीच्या रविवारी सायकल घेऊन गगनबावड्याला निघाला आणि वाटेतच हृदय बंद पडून गेला. आता वर्ष होत आलं होतं. आपण वर्षश्राद्ध करतो तसा त्यांच्यातही पहिल्या वर्षाचा विधी असतो. तो करण्याआधी ज्यांनी मुलाला दवाखान्यात नेलं त्या माणसांना एकदा भेटायचं, एवढ्यासाठी आई एकटी आली होती. वडील गुडघ्यांमुळे प्रवास करू शकत नव्हते.

कोल्हापूर

केंजीच्या आई मोरिता-सान, म्हणजे मोरिताबाई, सत्तरीच्या होत्या. लहान चण, कापलेले पांढरे केस, निळा कोट. गेस्ट हाऊसच्या पायरीवर त्या उभ्या होत्या आणि शेजारी त्यांची बॅग होती. मी नमस्कार केला, मग त्यांच्यासारखी वाकले, आणि बॅगेला हात घालत पुस्तकातलं वाक्य म्हणाले, “काबान ओ मोत्ते आगेमास.” म्हणजे, मी तुमची बॅग घेऊन देते. त्या क्षणभर थांबल्या. मग हसल्या आणि बॅग स्वतःच उचलली. मला वाटलं, बाई स्वावलंबी आहेत.

कारखान्यात साहेबांनी चहा मागवला, केंजीच्या कामाचं मनापासून कौतुक केलं. शेवटी म्हणाले, “आम्ही सगळी कागदपत्रं करून त्यांना सन्मानानं घरी पोचवलं, एवढं त्यांना सांगा.” मी सांगितलं. ‘पोचवलं’साठी वापरलं, “ओकुत्ते आगेमाशिता.” मोरिता-सान खुर्चीतून उठल्या आणि इतक्या खाली वाकल्या की कपाळ टेबलाला लागेल असं वाटलं. पुटपुटत क्षमा मागत राहिल्या. साहेब गडबडून उभे राहिले. “काय झालं? मी काही चुकीचं बोललो का?” त्यांनी मला विचारलं. मला माहीत नव्हतं. 

रात्रीचं जेवण आमच्याकडे होतं. त्यांनीच विचारलं होतं, पांढरं सूप मिळेल का; केंजीनं पत्रात लिहिलं होतं की इथे आधी पांढरा पितात आणि मग तांबडा. मटण आमच्याकडे माझा नवराच करतो. त्यानं पांढरा रस्सा केला, तिखट अगदी बेतानं. मोरिता-सान वाटी दोन्ही हातांत धरून सावकाश प्यायल्या, दुसरी वाटी मागितली. तांबड्याचा एक चमचा घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं तरी पुढचा घेतला. “त्यानं खोटं लिहिलं,” त्या म्हणाल्या. “थोडं तिखट असतं, असं लिहिलं होतं.”

जेवणं झाल्यावर मी धीर करून विचारलं, की कारखान्यात माझं काय चुकलं?

 त्यांनी समोरची रिकामी वाटी माझ्याकडे सरकवली. “आगेरु,” म्हणाल्या. वाटी परत त्यांच्याकडे सरकवायची मला खूण केली. मी सरकवली. “कुरेरु.”

हे मला येत होतं. दोन्हींचा अर्थ देणं. माझ्याकडून दुसऱ्याकडे जातं ते आगेरु, दुसऱ्याकडून माझ्याकडे किंवा माझ्या माणसाकडे येतं ते कुरेरु. आपल्याकडे मी तुला दिलं आणि तू मला दिलंस, शब्द एकच. तिकडे देणारा कुठल्या बाजूला आहे त्यावर क्रियापदच बदलतं. वर्गात मी फळ्यावर बाण काढून हे शिकवते. पण ही क्रियापदं वस्तूंसाठीच नसतात, दुसऱ्या क्रियापदांनाही मागून जोडतात. आगेमास, आगेमाशिता ही आगेरुचीच रूपं; कुरेता, कुरेमाशिता ही कुरेरुची. तो भाग मी नेहमी घाईघाईत उरकत आले होते, कारण मराठीत तो तसा नाही. करून दिलं, आणून दिलं, एवढ्यावर मी भागवायची.

“बॅग घेऊन देते, असं तुम्ही म्हणालात,” मोरिता-सान म्हणाल्या. त्या सावकाश बोलत होत्या, मला समजावं म्हणून. “त्यात असं ऐकू येतं की मी तुमच्यावर उपकार करते आहे. कारखान्याचंही तसंच झालं. मुलाला पोचवलं, उपकार केले. ते खरंच होतं. आमच्यामुळे त्यांना त्रास पडला, म्हणून मी क्षमा मागितली.”

मला फार लाज वाटली. “मग काय म्हणायला हवं होतं?”

“देणाऱ्याकडून बोलताना साधं ‘पोचवलं’ म्हणायचं. ओकुरिमाशिता. मागे काही जोडायचं नाही. ‘कुरेता’ मी म्हणेन. ते ज्याला मिळालं त्यानं म्हणायचं असतं.” आणि पुढे म्हणाल्या, “केंजी दर रविवारी फोन करायचा. ‘फोन केला’ असं मी कधी म्हणाले नाही. दरवेळी शेजारणीला सांगायची, देन्वा शिते कुरेता. त्यानं फोन केला, तो माझ्यापर्यंत आला. एका शब्दात दोन्ही येतं.”

माझ्या नवऱ्याला यातलं काही कळलं नव्हतं. त्यानं मला विचारलं, “काय म्हणतात?” मी म्हणाले, “मुलगा दर रविवारी फोन करायचा, असं म्हणतात.” सांगताना कळलं की अर्धंच सांगितलं.

कळ्याच्या पुढे

दुसऱ्या दिवशी मीच गाडी चालवत होते. बालिंग्याच्या पुलापुढे ऊसवाहू ट्रॅक्टरांची रांग लागली होती. एका ट्रॉलीतून मोळी सुटून रस्त्यावर पसरली होती आणि सगळं ठप्प होतं. मोरिता-सान गाडीतून उतरल्या, चार ऊस गोळा केले आणि ट्रॅक्टरवाल्याच्या हातात नेऊन दिले. तो त्यांच्याकडे बघतच राहिला. मग त्यातला एक गुडघ्यावर मोडून त्यांना देत म्हणाला, “ऱ्हाऊ द्या मावशी. खावा.” त्या ऊस घेऊन परत आल्या, मांडीवर आडवा ठेवला आणि मला म्हणाल्या, “कुरेमाशिता.” मी मान डोलावली.

पंचनाम्यात केंजीला दवाखान्यात नेणाऱ्याचं नाव होतं, तानाजी पाटील. मी आधी फोन केला होता. “या की,” म्हणाले होते, पण आवाज ताठ होता. कळे गावाच्या पुढे फाट्यावर ते उभे दिसले. साठीचे, पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा. गुऱ्हाळ चालू होतं आणि गुळाचा वास रस्त्यापर्यंत येत होता. घर गुऱ्हाळाच्या मागेच होतं. पुढच्या सोप्यात दोन खुर्च्या मांडलेल्या होत्या. ते स्वतः उभेच राहिले.

“बसा पावणं. बसा की,” ते म्हणाले. “पोलिसांचं काय न्हाई न्हवं?”

मी म्हणाले, “काही नाही मामा. त्या नुसत्या भेटायला आल्यात.”

ते बसले. मग त्यांनी सगळं सांगितलं. डेअरीला दूध घालून येत होते. रस्त्याकडेला सायकल उभी आणि माणूस खाली बसलेला. वाटलं, दमलाय. जवळ गेले तर घामानं भिजलेला, छातीवर हात. बोली समजेना. “म्या पळत गुऱ्हाळावर गेलतो. पिकप हुता, पर चाबी मालकाकडं. ती आणंस्तोर वीस मिन्टं गेली. मग त्येला उचलला, मागं कॅनं हुती त्येंच्यामधी आडवा केला, आन् काढली गाडी. दवाखाना यायच्या आदीच... गेला त्यो.”

मी वाक्यावाक्यानं सांगत गेले. उचललं. आडवं केलं. गाडी काढली. मागे काही जोडलं नाही. मोरिता-सान मान खाली घालून ऐकत होत्या. शेवटी त्यांनी एकच विचारलं, “तुम्ही गाडी आणायला गेलात तेव्हा त्याच्याजवळ कोण होतं?”

तानाजीमामांनी टोपी काढून हातात घेतली. “आमची मंडळी हुती. माझी हाक ऐकून घरातनं पळत आलती,” ते म्हणाले. “ती आज घरात न्हाई. रानात गेलीया.”

पण गोठ्याच्या दारात हिरव्या लुगड्याचा काठ मला दिसला होता. मी उठून तिकडे गेले. म्हशीच्या आडोशाला एक बाई शेणानं भरलेले हात तसेच धरून उभी होती. आक्काताई, तानाजीमामांची बायको.

“त्या बाईला माझ्याम्होरं आणू नगा,” त्या म्हणाल्या.

“का हो?”

“मी पानी पाजलं त्याला.” त्या खाली बघत होत्या. “हितं मांडीवर डोकं घेऊन बसलेली. तोंड सुकलेलं त्याचं. येताना तांब्या आनल्याला, पाजलं. मागनं गावातलं एक शिकल्यालं मानूस म्हनालं, असल्या टायमाला पानी पाजत न्हाईत, श्वासात जातंय, त्यानंच गेला आसंल. वरीस झालं ताई. त्येच धरून बसलीया. आता ती माऊली सात समुद्रापल्याडनं आली, तिला काय तोंड दावू?”

मी काही बोलायच्या आत मागे पाऊल वाजलं. मोरिता-सान गोठ्याच्या दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी आक्काताईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. काय चाललंय ते विचारलं नाही. 

दुभाष्यानं जे ऐकलं ते सांगायचं, असं मीच वर्गात सांगते. पण हे मला विश्वासात घेऊन सांगितलेलं होतं.  शेवटी आक्काताईच म्हणाल्या, “सांगा त्यास्नी. आता सांगाच. काय म्हनायचं ते म्हनू देत.”

मी सांगितलं. डोकं मांडीवर घेतलं. तोंड सुकलं होतं. मिझु ओ नोमासेमाशिता, पाणी पाजलं. त्यामुळे तो गेला असं कुणीतरी त्यांना म्हणालं, आणि वर्षभर त्या तेच धरून बसल्यात.

 मागे एक म्हैस खुंट्याला अंग घासत होती. मोरिता-सान अगदी हळू, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, “नोमासेते कुरेता...”

माझंच वाक्य होतं. फक्त शेवट त्यांनी जोडला होता.

मग त्या माझ्याकडे वळल्या. त्यांनी मृत्यूनंतरच्या तपासणीचा कागद आणला होता, जपानीत करून घेतलेला. कारण हृदय होतं, पाणी नव्हतं. केंजीच्या आजोबांचंही तसंच झालं होतं. हे त्यांनी आधी सांगितलं. मग म्हणाल्या, “आमच्यात माणूस जाताना घरचे लोक त्याचे ओठ पाण्यानं भिजवतात. ते घरच्यांनी करायचं असतं. मला तो पेटीत मिळाला. मी कापसानं ओठ भिजवले, पण तेव्हा बरेच दिवस झाले होते. मला वाटत होतं की ते राहिलं.”

आता हे मराठीत सांगायचं होतं. कागदाचं आणि ओठ भिजवायच्या रिवाजाचं सोपं होतं. ते ऐकून आक्काताईंनी एकदा माझ्याकडे आणि एकदा नवऱ्याकडे पाहिलं, तेही मागे येऊन उभे राहिले होते. पण ‘कुरेता’चं काय करू? पाजून दिलं, असं आपण म्हणत नाही. मी दोनदा सुरुवात करून थांबले. मग म्हणाले, “आक्का, त्या म्हणतात, ते पाणी तुम्ही त्यांच्या लेकाला पाजलंत ते त्यांना पोचलं. त्यांच्या हातनं व्हायचं होतं, ते तुमच्या हातनं झालं. राहिलं नाही.”

 “आमच्यातबी तसंच अस्तंय,” आक्काताई म्हणाल्या. “घरच्यानंच घालायचं पानी.” मग मोरिता-सानना थेट मराठीतच म्हणाल्या, “दोन घोट पिला बगा. चांगला पिला.” आणि दोन बोटं दाखवली. ते मला सांगावं लागलं नाही.

त्यांनी हौदावर हात धुतले, पदराला पुसले आणि मोरिता-सानना हाताला धरून सोप्यात आणून बसवलं. स्वतः खाली जोत्यावर बसल्या. आता त्यांनाच विचारायचं होतं.

“ताई, यास्नी इचारा. सुमी कोन?”

मला कळेना. “कोण सुमी?”

“त्यो म्हनत हुता. माझ्याकडं बगून. सुमी, सुमी. लई वेळा म्हनला. बायकू का भन? मी ह्यांना म्हनलं, त्या सुमीला कुनी तरी सांगाय पायजे. तिला सांगितलं का कुनी?”

मी आक्काताईंचा प्रश्न जपानीत सांगायला तोंड उघडलं तेव्हाच मला उमगलं.  तरी जसं ऐकलं तसंच सांगितलं: तो पुन्हापुन्हा ‘सुमी’ म्हणत होता, सुमी कोण?

मोरिता-साननी तोंडावर हात ठेवला. “सुमिमासेन,” त्या म्हणाल्या. मग त्यांना हसू आलं, आणि हसता हसताच त्या रडू लागल्या. “लहानपणापासून तसाच,” त्या म्हणत होत्या. “डॉक्टर सुई टोचायचे तरी म्हणायचा, सुमिमासेन.”

मी आक्काताईंना सांगितलं, की सुमी कुणी नाही. तो त्यांच्या भाषेतला शब्द. माफ करा, तुम्हाला माझ्यामुळे त्रास झाला, असा त्याचा अर्थ. कुणी आपल्यासाठी काही केलं तरी तिकडे तोच शब्द म्हणतात.

आक्काताई ऐकत राहिल्या. “माझ्याशीच बोलत हुता म्हना की,” त्या म्हणाल्या. मग पदर डोळ्यांना लावला. “कशाची माफी मागायची लेकरानं.”

जेवल्याशिवाय सोडणार नव्हत्याच. ज्वारीची भाकरी, वांग्याचं कालवण, आणि गुऱ्हाळावरून आणलेला कोमट गूळ. मोरिता-साननी भाकरी एका हातानं मोडायचा प्रयत्न केला, जमलं नाही; आक्काताईंनी कुस्करून दुधात घातली आणि गूळ घातला. निघताना मोरिता-साननी कागदात सुबक बांधलेला खोका दिला. आक्काताईंनी तो न उघडता देव्हाऱ्यासमोर ठेवला. जपानमध्येही आलेली भेट देणाऱ्यासमोर उघडत नाहीत, हे मी मोरिता-सानच्या तोंडून मागाहून ऐकलं.

गगनबावडा

केंजी पोचला नव्हता तिथपर्यंत त्यांना जायचं होतं. आम्ही वर पोचलो तेव्हा दुपार झाली होती. पावसाळ्यात इथे हातभर पुढचं दिसत नाही. जानेवारीत हवा स्वच्छ असते, आणि खाली कोकणातल्या टेकड्या एकीमागे एक निळ्या होत जातात. वारा गार होता. मोरिता-सान कठड्यापाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. मग त्यांनी घरी फोन लावला. तिकडे संध्याकाळ झालेली होती.

मी जरा लांब उभी राहिले, पण ऐकू येत होतं. नवऱ्याला त्या एकेक सांगत होत्या. एका माणसानं पळत जाऊन गाडी आणली. त्याच्या बायकोनं डोकं मांडीवर घेतलं. पाणी पाजलं. आज मला जेवू घातलं. प्रत्येक वाक्य ‘कुरेता’नं संपत होतं. एकदा ‘वुरिशारी-सान’ ऐकू आलं. वृषाली, म्हणजे मी. वुरिशारी-साननी भाषांतर करून... आणि पुन्हा तोच शेवट. मी दरीकडे तोंड केलं.

मग त्यांनी मला बोलावलं आणि फोन माझ्या हातात दिला. “त्यांना तुमच्याशी बोलायचंय.”

आवाज म्हातारा, थोडा खरखरीत होता. त्यांनी माझे आभार मानले. मग म्हणाले, “मी येऊ शकलो नाही. तुम्ही तिथे होतात. त्या बाई माणूस म्हणून कशा आहेत?”

हे भाषांतर नव्हतं. माझं मलाच सांगायचं होतं. हिरवं लुगडं, शेणाचे हात, दोन बोटं, कुठून सुरू करावं कळेना. साधं वाक्य मनात तयार होतं: त्या केंजीजवळ बसलेल्या बाई आहेत. बरोबर होतं. पण ‘कुरेता’ जोडायचं तर केंजी माझा माणूस असायला हवा, नाहीतर ते क्रियापद माझ्या तोंडी शोभत नाही. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. तो आमच्याच गावात दीड वर्ष राहिला, आमच्या रस्त्यावरून सायकलनं गेला, आणि मला त्याचं नावही माहीत नव्हतं.

मी म्हणाले, “केंजी-सान नो सोबा नि इते कुरेता हितो देस.” त्या केंजीच्या जवळ राहिल्या. आमच्या केंजीच्या.

 मोरिता-सान माझ्याकडे बघत होत्या. मग त्या म्हाताऱ्या आवाजानं विचारलं, तिथे थंडी आहे का.

मी सांगितलं, आहे. वारा आहे. पण ऊन चांगलं पडलंय.